नकाराला घातलेला वळसा

दुरुस्ती किंवा तपासणी संपल्यावर विमान पुन्हा उड्डाणास योग्य झाले आहे, असे लिहून देणाऱ्या सहीला विमानवाहतुकीत 'सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस', म्हणजे विमान सेवेत परत सोडल्याचा दाखला, असे म्हणतात. ही सही पडल्याखेरीज सगळी तिकिटे विकली गेलेली असोत वा प्रवासी दाराशी रांगेत उभे असोत, ते विमान जागचे हलू शकत नाही. भारतात ही सही करण्याचा अधिकार नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, परवाना दिलेल्या विमान देखभाल अभियंत्याला असतो, आणि १९३७ च्या विमान नियमांपासून चालत आलेली यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की हा परवाना व्यक्तीच्या नावावर असतो. कंपनी त्याला पगार देते, अमुक जातीच्या विमानावर काम करण्याची अधिकृत मान्यताही देते, परंतु त्याच्या वतीने सही करू शकत नाही. वेळापत्रक कंपनीचे आणि सही माणसाची, अशी ही मुद्दाम केलेली वाटणी आहे, आणि प्रस्तुत प्रकरणातील सारा संघर्ष या वाटणीतून निर्माण होतो.

सहीसाठी दबाव म्हटला, की टेबलावर मूठ आपटणाऱ्या साहेबाचे चित्र डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात असा उघड हुकूम क्वचितच सुटतो, कारण तो सोडणाऱ्यालाही कायदा ठाऊक असतो. दबाव येतो तो साध्या विचारणांच्या रूपाने: 'अजून किती वेळ लागेल?', 'बेसला गेल्यावर बघता येणार नाही का?', 'एमईएलमध्ये बसतंय का बघा ना.' (एमईएल म्हणजे काही उपकरणे बंद असतानाही उडण्याची मुभा देणारी यादी, तिच्याविषयी पुढे.) एवढे होऊनही अभियंता नाहीच म्हणाला, तर बहुधा त्याच्याशी कोणी भांडत बसत नाही, तर त्याच्या नकाराला वळसा घातला जातो. माप पुन्हा घेतले जाते, काम पुढच्या पाळीच्या गळ्यात पडते, सहीसाठी दुसरा माणूस शोधला जातो किंवा कागदावरची नोंद सरकते. सुरक्षिततेवरचे बहुतेक लेखन अभियंत्याच्या धैर्याविषयी बोलते. या वळशांविषयी त्या मानाने फार कमी बोलले जाते.

वेळापत्रक एकाचे आणि सही दुसऱ्याची, ही रचना विमानांपेक्षा जुनी आहे, आणि ती जवळून पाहायची तर विमानतळावरच गेले पाहिजे असे नाही. रेल्वेच्या झाशीला गेले तरी पुरते. इंडियन मिडलँड रेल्वेने १८९५ साली येथे कारखाना उभारला. मालगाडीच्या वाघिणींची ठरावीक मुदतीने होणारी संपूर्ण दुरुस्ती हे या कारखान्याचे आजही मुख्य काम आहे. रेल्वेच्या बोलीत नादुरुस्त वाघीण 'सिक' होते, तिला गाडीतून काढून 'सिक लाइन'वर ढकलले जाते, आणि दुरुस्तीनंतर ती 'फिट' म्हणून परत येते. गाडी सुटण्यापूर्वी तपासनीस ब्रेक पाइपमधला हवेचा दाब, जो इंजिनाच्या बाजूला दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो असावा लागतो, आणि गळतीचा वेग पाहतो, एकूण सिलिंडरांपैकी किती काम करत आहेत ते मोजतो, आणि मग 'ब्रेक पॉवर सर्टिफिकेट' तयार होते, ज्यावर त्याच्याबरोबर लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचा गार्ड) यांच्याही सह्या लागतात.

या तपासनिसावर येणारा ताण कळण्यासाठी 'डिटेन्शन' ही संज्ञा समजून घ्यावी लागते. गाडी ठरल्यापेक्षा जास्त थांबली, की त्या मिनिटांचा हिशेब कोणत्या तरी खात्याच्या नावावर मांडावा लागतो: परिचालन, यांत्रिक, विद्युत, सिग्नल. एक वाघीण सिक केली तर ती काढण्यासाठी शंटिंग करावे लागते, शंटिंगला इंजिन आणि रिकामी लाइन लागते, आणि या सगळ्याची मिनिटे यांत्रिक खात्याच्या खात्यावर चढतात. विमानवाहतुकीने हीच पद्धत अधिक काटेकोर केली आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने विलंबाच्या कारणांना दोन आकडी संकेत दिले आहेत, ज्यांपैकी चाळिशीतले तांत्रिक कारणांसाठी राखलेले आहेत: ४१ म्हणजे विमानातला बिघाड, ४६ म्हणजे तांत्रिक कारणाने विमान बदलावे लागणे. याउलट मागचे उड्डाण उशिरा आल्यामुळे झालेला विलंब ९३ या संकेताखाली जातो आणि त्याबद्दल कोणा एका खात्याला फारसे बोलणे बसत नाही. ही हिशेबपद्धत वाईट हेतूने रचलेली नाही, तिच्यावाचून एवढे मोठे जाळे चालवताच येणार नाही. पण तिचा एक परिणाम असा होतो, की अभियंत्याच्या सावधपणाची किंमत त्याच दिवशी मिनिटांत छापून येते आणि त्या सावधपणामुळे जे घडले नाही, त्याला मात्र कोणताच संकेत क्रमांक नसतो.

मधला मार्ग म्हणून कायद्यानेच एक सोय ठेवलेली आहे. 'मिनिमम इक्विपमेंट लिस्ट', म्हणजे एमईएल, ही कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस विमान उडवता येईल हे सांगणारी मंजूर यादी असते. तीत ब गटातला दोष ३ दिवसांत, क गटातला १० दिवसांत आणि ड गटातला १२० दिवसांत दूर करावा लागतो. विमानात एकाच कामासाठी दोन-तीन यंत्रणा असतात, त्यामुळे त्यांतली एक काही दिवस बंद असणे हे आपोआप धोकादायक ठरत नाही, आणि एमईएल लावणारा अभियंता निष्काळजी असतो असे मानणे हा त्याच्यावर अन्याय होईल. अडचण सुरू होते ती ही सवलत सुट्या भागांच्या टंचाईवरचा उपाय बनते तेव्हा. जुलै २०२२ मध्ये, तीन आठवड्यांहून कमी काळात तांत्रिक बिघाडाच्या आठ घटना घडल्यावर, डीजीसीएने स्पाइसजेटला कारणे दाखवा नोटीस दिली, तेव्हा तिच्यात सप्टेंबर २०२१ च्या आर्थिक मूल्यांकनाचा उल्लेख होता: पुरवठादारांना नियमित पैसे मिळत नाहीत, त्यामुळे सुटे भाग अपुरे पडतात, आणि म्हणून एमईएलचा वारंवार आधार घेतला जातो. त्याच महिन्याच्या २७ तारखेला या कंपनीची उड्डाणे आठ आठवड्यांसाठी मंजूर संख्येच्या निम्म्यावर आणण्यात आली. हँगरमधल्या माणसापर्यंत दबाव येतो तो बऱ्याचदा असा, लेखा विभागातून निघून.

दबावाला दरवेळी दुसरा माणूस लागतोच असेही नाही. १९९० च्या जूनमध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची वैमानिकासमोरची डावी काच बदलायची होती. रात्रपाळीला माणसे कमी होती, म्हणून पाळीच्या व्यवस्थापकाने स्वतःच काम हातात घेतले, कारण सकाळी ते विमान धुण्यासाठी तयार ठेवायचे होते. काढलेले बोल्ट एका मापाचे निघाले, भांडारातल्या माणसाने त्या जागी दुसऱ्या मापाचे बोल्ट लागतात असे सांगितले, पण जे निघाले तेच घालावेत असे ठरवून व्यवस्थापक अंधुक प्रकाशातल्या, कोणी देखरेखीला नसलेल्या एका कपाटापाशी गेला आणि जुना बोल्ट डोळ्यांसमोर धरून नवे निवडले. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ व्यासाने सुमारे ०.६६ मिलिमीटर बारीक होते आणि उरलेले ६ लांबीला कमी. बोल्टांची डोकी आपल्या खळग्यांत पुरती न भरता बसली होती, पण शिडीवरून अंग झुकवून हात लांब करणाऱ्याला ती नीट दिसण्याजोगी नव्हती. काच बदलणे हे तेव्हाच्या पद्धतीनुसार दुसऱ्या माणसाने तपासायच्या कामांत मोडत नव्हते, त्यामुळे काम ज्याचे, सहीही त्याचीच. १० जूनच्या सकाळी १७,३०० फुटांवर काच निखळून गेली, कप्तान कंबरेपर्यंत बाहेर खेचला गेला, कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवले आणि सहवैमानिकाने साउथॅम्प्टनला विमान उतरवले. कप्तानासह सगळे वाचले. या रात्री कोणीही कोणाला 'लवकर कर' म्हटल्याचे दिसत नाही. वर्षानुवर्षे वेळेवर काम देणारा, वरिष्ठांच्या मर्जीतला कुशल कारागीर आपणच आपल्याला घाई करतो, आणि ज्याला नकार द्यायचा तो माणूस आपल्याच आत बसलेला असल्याने नकार सुचतच नाही.

वळशाचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र अमेरिकेतील अलास्का एअरलाइन्सचे आहे. एमडी-८३ विमानाच्या शेपटीवरचा आडवा पंख वर-खाली कलवण्यासाठी जॅकस्क्रू, म्हणजे आटे पाडलेला पोलादी दांडा, एका मऊ मिश्रधातूच्या नटमधून फिरतो. नटचे आटे झिजतात हे गृहीतच धरलेले असते, म्हणून त्यातला ढिलेपणा ठरावीक काळाने मोजायचा असतो आणि तो ०.०४० इंचापर्यंत, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरपर्यंत, चालतो. सप्टेंबर १९९७ मध्ये ओकलँडच्या देखभाल केंद्रात जॉन लिओटाइन या प्रमुख मेकॅनिकच्या पाळीत एका विमानावर हे माप नेमके ०.०४० इंच भरले. मर्यादा ओलांडलेली नव्हती, पण विमान आता बाहेर पडले की पुढची तपासणी सुमारे अडीच वर्षांनी, हे लक्षात घेऊन त्याने नट बदलावा अशी नोंद कामाच्या कार्डावर केली. तीन दिवसांनी दुसऱ्या पाळीत माप पुन्हा, अनेकदा घेतले गेले, ते ०.०३३ इंच आले, आधीची नोंद रद्द झाली आणि विमान सेवेत परतले. यात कोणी लिओटाइनला धमकावले नाही, त्याच्याकडून सहीही मागितली नाही. तो पाळी संपवून घरी गेल्यावर त्याचा नकार कागदावरून नाहीसा झाला, इतकेच.

३१ जानेवारी २००० रोजी तेच विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ प्रशांत महासागरात कोसळले आणि त्यातील ८८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. समुद्रातून काढलेल्या जॅकस्क्रूभोवती नटच्या आट्यांचे धातूचे वेटोळे गुंडाळलेले सापडले. चौकशी मंडळाने अपघाताचे कारण म्हणून वंगणाचा अभाव आणि त्यातून झालेली अतिझीज दाखवली, आणि वंगण घालण्याची मुदत ५०० तासांवरून वाढत वाढत सुमारे २,५५० तासांवर नेणे, तसेच ढिलेपणा मोजण्यातील अंतर वाढवणे यांवर ठपका ठेवला. १९९७ च्या त्या फेरमापाला अपघाताचे थेट कारण ठरवलेले नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही वेळापत्रकाच्या दबावाचा अभ्यास करणाऱ्याला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे मुदती वाढवणे हाही वळसाच असतो, फक्त तो हँगरमध्ये न घेता कार्यालयात, नियमाच्या चौकटीत आणि नियामकाच्या संमतीने घेतला जातो. दुसरी म्हणजे एकदा दोष नोंदवणाऱ्याच्या गैरहजेरीत आणि त्याला न विचारता पुन्हा माप घेण्याची मुभा असेल, तर हवे ते माप मिळेपर्यंत मोजत राहता येते. लिओटाइनने १९९८ मध्ये देखभालीच्या नोंदींबाबत अमेरिकी नियामकाकडे तक्रार केली आणि १९९९ मध्ये कंपनीने त्याला रजेवर पाठवले, अपघात त्यानंतरचा.

भारतात घातलेल्या वळशाचे नियामकानेच टिपलेले उदाहरण २०२२ चे आहे. येथील देखभाल परवान्यांत अ गटाचा धारक ठरावीक किरकोळ कामे करू शकतो आणि फक्त स्वतः केलेल्या कामावर सही करू शकतो. इंजिन, सांगाडा आणि यांत्रिक यंत्रणांसाठी ब-१ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणांसाठी ब-२ गटाचा परवाना लागतो, ज्यासाठीचे शिक्षण आणि अनुभव कितीतरी जास्त आहेत. डीजीसीएच्या अचानक तपासण्यांत असे आढळले, की मधल्या विमानतळांवर पुरेसे परवानाधारक अभियंते ठेवलेलेच नाहीत, दोषाचे मूळ कारण नीट शोधले जात नाही, आणि अ गटाच्या कर्मचाऱ्यांना वेळोवेळी 'एकदाच'ची खास मान्यता देऊन विमाने सोडली जात आहेत. १८ जुलैच्या आदेशाने सर्व विमान कंपन्यांना सांगण्यात आले, की विमान ब-१ किंवा ब-२ परवानाधारकानेच सोडायचे, आणि त्यासाठी २८ जुलैपर्यंतची मुदत दिली गेली. 'एकदाच' दिलेली परवानगी वारंवार द्यावी लागणे, यात खरे तर सगळे आले. नाही म्हणू शकेल असा माणूस त्या विमानतळावर नेमलाच नाही, तर दबाव आणायचा प्रश्नच उरत नाही.

नकार टिकवायचा तर तो बोलण्यात ठेवून चालत नाही, हे जुने अभियंते नव्यांना सांगतात ते याच कारणाने. प्रत्येक विमानात 'टेक लॉग' नावाची तांत्रिक नोंदवही असते, तिच्यात आढळलेला दोष, ज्याला सगळे 'स्नॅग' म्हणतात, एका बाजूला लिहिला जातो आणि त्यावरची कारवाई दुसऱ्या बाजूला. एकदा स्नॅग लिहिला गेला, की तो मिटवण्याचे मार्ग मोजकेच राहतात: दुरुस्ती करा, एमईएलनुसार रीतसर पुढे ढकला, किंवा विमान उभे ठेवा, खोडाखोड करायची झाली तरी एकच रेघ मारायची, म्हणजे खालचे वाचता येते. म्हणून अनुभवी माणूस आधी लिहितो आणि मग फोन उचलतो. तो 'मला हे सुरक्षित वाटत नाही' असे लिहीत नाही, कारण वाटण्यावर वाद घालता येतो. तो टायरच्या कापाची खोली, गळतीचे मिनिटाला पडणारे थेंब, वापरलेल्या मापकाचा क्रमांक आणि देखभाल पुस्तिकेतले कलम लिहितो, कारण मग वाद घालायचा तो त्या कलमाशी. घाई करणाऱ्या वरिष्ठाकडे स्वतःचा परवाना असेल तर 'आपण पाहून सही करावी' असे आदराने सुचवण्याचीही रीत आहे, आणि बरेचदा त्यापुढे संभाषण थंडावते. लहानशा विमानतळावर रात्री एकटा असलेला तरुण अभियंता हे सगळे करू शकेल का, हा प्रश्न उरतोच. त्याच्या ओळखीचा वैमानिक, त्याच्या बदलीचे पत्र ज्याच्या हातात आहे तो अधिकारी आणि दीडशे वैतागलेले प्रवासी, हे पुस्तिकेतल्या कोणत्याही कलमात नसतात.

डर्टी डझन या नावाने ओळखली जाणारी, देखभालीतील मानवी चुकांच्या बारा कारणांची यादी कॅनडाच्या परिवहन खात्यात काम करणाऱ्या गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३ मध्ये तयार केली. दबाव आणि ठामपणाचा अभाव ही दोन कारणे तीत वेगवेगळी मांडलेली आहेत. प्रशिक्षणवर्गांत या दोहोंपैकी दुसऱ्यावर जास्त वेळ खर्च होतो, कारण ठामपणा शिकवण्याला एक दिवस आणि एक वर्गखोली पुरते, तर दबाव कमी करायला माणसे नेमावी लागतात. कायद्याचे संरक्षणही सर्वत्र सारखे नाही. अमेरिकेत अलास्काच्या अपघातानंतर काही आठवड्यांतच, एप्रिल २००० मध्ये संमत झालेल्या विमानवाहतूक कायद्यात सुरक्षिततेची तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला सूडाच्या कारवाईपासून संरक्षण देणारी तरतूद आली. भारतात जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, पण तो लागू करणारी अधिसूचना निघालेली नाही, आणि तो मुळात सरकारी कारभारातल्या गैरप्रकारांपुरता आहे. खासगी विमान कंपनीतल्या अभियंत्याला तो लागू झाला असता तरी फारसा उपयोगी पडला नसता.

याहून अधिक उपयोगी तरतूद देखभाल संस्थांच्या नियमावलीत, सीएआर-१४५ मध्ये, आहे आणि तिच्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तिच्यानुसार प्रत्येक संस्थेकडे मनुष्य-तासांची योजना असावी लागते, म्हणजे अमुक एवढे काम, त्याला लागणारे तास आणि तेवढ्या तासांना पुरतील असे परवानाधारक आहेत हे दाखवणारा आराखडा. कामाचे नियोजन करताना मानवी क्षमतेच्या मर्यादा लक्षात घेणेही बंधनकारक आहे, आणि पाळी बदलताना अपुऱ्या कामाची माहिती पुढच्या माणसाला पूर्णपणे द्यावी लागते. मुंबईच्या जुन्या हँगरांत असो वा नागपूरच्या मिहानमधल्या देखभाल केंद्रात, पहाटे चारला सही मागितली जाते तेव्हा अभियंत्याला किती मोकळीक उरेल, हे या आराखड्यावर आधीच ठरून गेलेले असते: त्या पाळीला ब-१ परवान्याचे दोघे आहेत की एक, लागणारा भाग भांडारात आहे की दुसऱ्या विमानाचा काढून लावायचा आहे, दोन उड्डाणांमधला वेळ तीस मिनिटे धरला आहे की पन्नास. हंगामी वेळापत्रक मंजुरीसाठी जाते तेव्हा हे आकडे कागदावर असतात, आणि त्या बैठकीला विक्री विभागाबरोबर देखभालीचा जबाबदार अधिकारी बसवून, तासांचा मेळ न बसणारी उड्डाणे तिथेच गाळण्याचा अधिकार त्याला देणे, हे हँगरमधल्या सहीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.